आप्पांच्या कळपातले ब्राउझर

कुठलीही वस्तू घरात आली की आप्पा आधी तिचा छळ मांडत. छत्री आणली तर तिच्यावर हापशाखाली बादल्या ओतत. चप्पल घेतली तर पहिल्याच दिवशी ती घालून मुद्दाम चिखलातून आणि बाभळीच्या काट्यांतून फिरून येत. "दुकानात समदंच गुणाचं असतं," असं त्यांचं म्हणणं. "उन्हात उभं केलं की खरं काय ते कळतं." या छळातून जी वस्तू वाचे ती जन्मभर घरात राही. जी वाचत नसे ती गोठ्याच्या माळ्यावर जाई, पण टाकून कधी दिली जात नसे. माळ्यावर मान मोडलेले पंखे, फाटक्या छत्र्या आणि एकेकट्या चपला होत्या. त्यांच्या बायकोला सगळी वस्ती अक्का म्हणायची. अक्का त्या माळ्याला 'ह्यांचा दवाखाना' म्हणत. तिथून बरं होऊन मात्र कुणी खाली येत नसे.

दौंडकडच्या राहू गावाच्या अलीकडे, नदीकाठच्या एका गावात मी हायस्कूलवर विज्ञान शिकवायला होते. तेव्हा आप्पांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. मी मूळची शिरूरची. आम्ही बौद्ध. खोली शोधताना आडनाव सांगितलं, की समोरच्याला एकदम आठवतं की ही खोली आपण भाच्यासाठी ठेवलीय. असे भाचे मी बरेच पाहिले होते. आप्पांनी आडनाव ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आदी ती कडी उघडून दाखवा." दाराची कडी गंजून बसलेली होती. मी ती खालीवर केली, हलवली, आणि शेवटी शिरूरच्या आठवडे बाजारात शोभेल अशी एक शिवी तिला हासडली. तेव्हा ती सुटली. आप्पा ओट्यावरून बघत होते. "शिवी चालंल," ते म्हणाले, "लाथ घातली असती तर खोली दिली न्हवती." मी तिथे राहिले तोवर ती कडी त्यांनी बदलली नाही. पुढच्या भाडेकरूसाठी लागेल म्हणायचे.

आप्पांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. स्वतः आप्पा लहानपणी कळपामागे घाट उतरून कोकणापर्यंत चालत गेलेले. पुढे काठाला जमीन झाली, ऊस आला, मेंढरं विकली गेली. डोळा मात्र मेंढपाळाचाच राहिला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते चार पाय आहेत असं धरूनच बघत. ट्रॅक्टर 'खातो किती', मिक्सर 'बुजतो का', शाळेत आलेले नवे हेडमास्तर 'चढाला बसतात का' हे त्यांचे प्रश्न असत. हेडमास्तरांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, पण माझी नोकरी कच्ची होती.

मुलीसाठी भांडगावचं स्थळ आलं तेव्हाची गोष्ट तर सगळ्या वस्तीला पाठ होती. मुलगा पांढऱ्या पँटीत आलेला. चहा-पोहे झाल्यावर आप्पांनी कुणाचा तरी मेंढा मागून आणला, त्याचा कासरा मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "एवढा नदीवरनं पाणी पाजून आना." जाताना मेंढा गेला. परत येताना अर्ध्या चढावर त्याने बसकण मारली. मुलगा त्याला ओढेल, नाहीतर दगड मारेल, म्हणून सगळे वरून बघत उभे. मुलगा मेंढ्याशेजारी बसला आणि खिशातले शेंगदाणे खात राहिला. आप्पांनी तिथेच होकार दिला. "बसलेल्याला वढत न्हाई, पोरगं बरं हाय," म्हणाले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर जावयाने मला खाजगीत सांगितलं, की नवे बूट चावत होते म्हणून तो बसला होता. संसार उत्तम चालला होता, म्हणून मीही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

आता फोनकडे येते. आप्पांचा फोन त्यांच्या मुलाने फार पूर्वी, पुण्यात नोकरीला लागला तेव्हा घेऊन दिलेला. एक कोपरा फुटलेला, पाठीवरचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळलेलं. बॅटरी एकदा फुगली, तेव्हा पाबळला दुरुस्तीचं काम शिकून आलेल्या भाच्याने ती बदलून दिली होती. हा भाचा खरा होता, खोलीवाला नव्हे. मुलाने एका दिवाळीला नवा फोन आणला. आप्पांनी रिवाजाप्रमाणे तो भर दुपारी ओट्यावर उन्हात ठेवला. थोड्या वेळाने फोनने 'तापमान वाढले आहे' असा संदेश दिला आणि डोळे मिटले. "घाटात असला मेंढा पैल्या दिशी मेला असता," आप्पा म्हणाले. तो माळ्यावरच जायचा, पण अक्कांनी मधेच उचलला. तेव्हापासून त्या त्यावरून आपल्या बहिणींशी बोलत आणि उन्हात कधीही नेत नसत.

"आप्पा, नवा घ्या की एखादा," असं मीही एकदा म्हणून बघितलं.

"म्हातारं झालं म्हणून काय कापायला द्यायचं का?" त्यांनी विचारलं. "मग मला कवा देता?"

तर या म्हाताऱ्या फोनवर सगळ्या काठाचा भार होता, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ कोरडं आणि नदी भरलेली अशी उफराटी तऱ्हा. पाऊस पडतो वर घाटात, धरणं भरतात तिकडे, आणि आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना नदी चढायला लागते. काठावर प्रत्येकाची पाण्याची मोटार. वरून पाणी सोडलं की नदी चढायच्या आत मोटार वर ओढून घ्यायची, उतरलं की परत खाली न्यायची. काढायला उशीर झाला तर मोटार बुडते. उगाच काढून ठेवली तर ऊस उन्हात वाळतो. धरणातून किती पाणी सोडलं याचा आकडा रोज सकाळी एका सरकारी पानावर येई, आणि तो वाचायचं काम आप्पांचं. ते कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं होतं. सकाळी ओट्यावर उभे राहून ते आकडा पुकारत, मग निकाल देत, "ऱ्हाऊ द्या!" किंवा "काढा!" मेंढरं हाकून कमावलेला तो आवाज पार पलीकडच्या मळ्यापर्यंत जाई. त्या शब्दावर लोक मोटारी हलवत. आप्पांच्या आयुष्यात याहून मोठी पदवी नव्हती.

एका उन्हाळ्याच्या शेवटी त्या फोनमधल्या मूळच्या ब्राउझरने हे पान उघडायला नकार दिला. आप्पा फोन घेऊन माझ्या दाराशी आले. लाल खूण, आणि खाली 'आपले कनेक्शन खाजगी नाही'.

"खाजगी कशाला पायजे?" ते वैतागून म्हणाले. "धरणाचं पाणी हाय, त्यात खाजगी काय?"

मी त्यांना समजावलं, की फोन ठीक आहे, पण आतला ब्राउझर फार जुना झालाय. ब्राउझर म्हणजे आपल्याला इंटरनेटवर पाहिजे त्या पानापर्यंत घेऊन जाणारा. आप्पांचे डोळे चमकले.

"म्हंजी म्होरक्या!"

कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढ्याला ते म्होरक्या म्हणत. तो जाईल तिकडे बाकीची जातात, म्हणून तो निवडताना घाई करायची नसते. मी त्या क्षणी तोंड मिटायला हवं होतं. पुढचा आठवडाभर माझा संध्याकाळचा चहा या निवडीत गेला.

नावाजलेले मोठे ब्राउझर त्या फोनवर चढेचनात. 'हे तुमच्या उपकरणासाठी नाही' असं उत्तर येई, आणि ते आप्पांना जिव्हारी लागे. "ह्या उपकरणासाठी न्हाई म्हंजी? ह्याला काय कुळ इचारतात का?" ते म्हणाले, आणि मला हसू आवरेना, कारण या विषयातला माझा अनुभव त्यांच्यापेक्षा दांडगा होता. शेवटी जुन्या, कमी जागेच्या फोनवर चालणारे तीन लहान ब्राउझर मी शोधले. त्यांना जागा करण्यासाठी लोकांनी पाठवलेली सुप्रभाताची फुलं पुसून टाकली. आप्पांनी तिघांना रंगावरून नावं दिली, लाल, राखाडी आणि निळा. आणि पारख सुरू झाली.

लाल पहिल्या दिवशीच बाद झाला. उघडल्या उघडल्या त्याने बातम्यांचा ढीग समोर ओतला. "मी धरण इचारलं, ह्यो म्हनतोय हिरॉइनीनं लगीन केलं," आप्पा म्हणाले. "एकट्याला बोलावलं, ह्यानं गाव आणलं." त्यात त्याने पाठोपाठ परवानग्या मागायला सुरुवात केली. "ठावठिकाणा मागतोय. फोटू मागतोय. फोनातली समदी माणसं मागतोय. सोयरीक जुळवायची हाय का ह्याला?"

"पोरगी तर दिली भांडगावात," आतून अक्का म्हणाल्या, "आता फोटू तेवढं उरल्यात."

राखाडी साधा होता. पान नीट आणे, गर्दी करत नसे, खाणंही बेताचं. आप्पांची एक परीक्षा अशी होती, की पान उघडलेलं असताना मी माझ्या खोलीतून त्यांना फोन करायचा. बोलणं झालं की ते बघत, म्होरक्या सोडला तिथेच उभा आहे की घराकडे पळालाय. राखाडी उभा राहायचा. पण आमच्याकडचं नेटवर्क म्हणजे लहरी जावई, आलं तर आलं. ते गेलं की राखाडी सरळ सांगे, 'पान उघडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"ह्यो न्हाई म्हनतोय," आप्पांनी तक्रार केली. "वर मलाच सांगतोय प्रयत्न करा. काम ह्याचं आन् प्रयत्न मी करू?"

आणि निळा! निळ्याने आप्पांचं मन पहिल्याच घोटात जिंकलं. तो पानं दाबून-चेपून लहान करून आणत असे, त्यामुळे नेट नावापुरतं खाई. फोन आला-गेला तरी जागचा हलत नसे. आणि नेटवर्क असो वा नसो, तो काही ना काही दाखवायचाच. आप्पांनी त्याला उन्हात ठेवलं, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघितलं, विहिरीच्या काठावरून वाकून बघितलं. निळा प्रत्येक वेळी धरणाचं पान घेऊन हजर.

"कमी खातो आन् न्हाई म्हनत न्हाई," आप्पांनी निकाल दिला. "अजून काय पायजे?"

मला निळा जरा जास्तच गोडबोल्या वाटला होता. राखाडी बरा, असं मी म्हणाले. त्यावर ते हसले. "मॅडम, तुम्ही पोरं नापास करनाऱ्या. तुम्हाला न्हाई म्हननारंच आवडणार."

मेंढरांना आपली खूण म्हणून गेरूचा पट्टा ओढतात. फोनवर गेरू चालेना, म्हणून आप्पांनी अक्कांची एक लाल टिकली घेतली आणि काचेवर, निळ्याच्या बरोबर वर चिकटवली. दुसऱ्या दिवशी मला हाक. "म्होरक्या बेरजा करायला लागलाय!" बघते तर स्क्रीन बाजूला सरकली होती आणि टिकलीखाली कॅल्क्युलेटर आला होता. टिकली काचेवर आहे, ब्राउझरवर नाही, हे त्यांना पटवताना माझी अर्धी पिशवीभर भाजी निवडून झाली. शेवटी 'आदी बोट फिरवून म्होरक्या टिकलीखाली आनायचा' असा तह झाला.

इथवर सगळी गंमत होती. पण चांगला म्होरक्या सापडला की मेंढपाळ तो एकट्यापुरता ठेवत नाही, शेजारच्या कळपालाही देतो. काठावर आप्पांच्यासारखे जुने फोन घराघरांत होते. आप्पा मोपेडवर बसून मळ्यामळ्यात गेले आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये निळा बसवून, वर टिकली लावून आले. "माजा शब्द हाय," असं प्रत्येकाला सांगून. अक्कांचं टिकल्यांचं पाकीट संपलं आणि त्या आठवड्यात त्यांनी आप्पांना पहिला चहा उशिरा दिला.

फक्त शेजारचे तात्या ऐकेनात. तात्यांनी नुकताच मोठा थोरला नवा फोन घेतला होता आणि तो शर्टाच्या खिशातून निम्मा बाहेर राहील अशा बेताने ते चालत. "आप्पा, माझ्या फोनला टिकली न्हाई लागायची," ते म्हणाले. "त्यो बाप्या हाय." त्या दिवसापासून दोघांत रोज सकाळी ओट्यावर जुगलबंदी. कुणाचं पान आधी उघडतं याची शर्यत लागे, आणि निळा रोज जिंके.

पावसाळा निम्मा सरला होता. त्या सकाळी आभाळ असं स्वच्छ होतं की वाळवण घालावं. मी शाळेत निघण्यासाठी डबा भरत होते. ओट्यावर नेहमीची माणसं जमलेली, कडेने मोपेडी उभ्या. आप्पांनी निळा टिकलीखाली आणला, दाबला. पान झटक्यात आलं.

"आकडा कालचाच!" आप्पांनी पुकारलं. "किरकोळ हाय! मोटारी ऱ्हाऊ द्या!"

तात्या आपल्या फोनकडे बघत होते. त्यावर गोल चक्र फिरत होतं, फिरत होतं, आणि शेवटी 'पान उघडत नाही' असं आलं. सगळे हसले. आप्पांना तर उकळ्या फुटल्या. "तात्या, एवढं मोठं जनावर आन् हौदापतुर जाईना व्हय रं? दाव त्याला माजा म्होरक्या, कसं पाणी पितोय त्ये!"

आतून अक्का म्हणाल्या, "अवो, घाटातल्या माझ्या भनीचा फोन आला व्हता. वर लई धो धो पडतोय म्हनली, रातभर."

"तुझी भन काय धरणावर साहेब हाय का?" आप्पा म्हणाले. ओटा पुन्हा हसला.

मी डबा तसाच ठेवून बाहेर आले. रातभर पाऊस आणि आकडा कालचाच, हे मला खटकलं. मी आप्पांच्या हातातून फोन घेतला आणि आकड्याखालची बारीक ओळ वाचली. तिथे तारीख आणि वेळ होती. कालच्या सकाळची.

"आप्पा, हे कालचं पान आहे," मी म्हणाले.

"समद्यांच्या फोनात हेच हाय की," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी आपापले फोन पुढे केले. प्रत्येक काचेवर टिकली, प्रत्येक टिकलीखाली निळा, आणि प्रत्येक निळ्याने कालचीच सकाळ आणलेली. एकाच म्होरक्याच्या मागे गेल्यावर दुसरं काय होणार?

आता आप्पा काय बोलतात याकडे सगळ्यांचे डोळे. बोलायला वाट होती. ती तात्यांनीच काढून दिली, याचं मला आजही कौतुक वाटतं. आप्पांची नजर चुकवत ते म्हणाले, "सायबांनी आज आकडा बदलला नसंल. त्यांचं काय, घातली असंल तीच तारीख परत." आप्पांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर त्यांचा शब्द राहिला असता, आणि काठावरच्या मोटारी खाली राहिल्या असत्या.

आप्पांनी फोन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "थांबा. हौद कोरडा करतो."

त्यांनी बोटाने फोनचं इंटरनेट बंद केलं. मला दाखवून खात्री करून घेतली. "आता ह्याला कुठनंच पाणी न्हाई. तहानलेलं जनावर कोरड्या हौदावर नेलं तर काय करतं? वरडतं. मुंडी वर करून बगतं. पीत न्हाई." असं म्हणून त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं.

निळ्याने क्षणाचाही उशीर केला नाही. धरणाचं पान आलं. तोच आकडा, तीच कालची वेळ, अगदी आज्ञाधारकपणे. सरकारचं ताजं पान उघडत नव्हतं म्हणून त्याने जवळ साठवलेलं काढून दिलं होतं, आणि तसं सांगायची त्याची रीतच नव्हती.

"पितोय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "कोरड्या हौदावर पितोय ह्यो."

मग ते ओट्याच्या कडेला गेले. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज इतका मोठा लागलेला मी कधी ऐकला नव्हता. "मोटारी काढा रं! आप्पा चुकला! माजा म्होरक्या खोटा निघाला! मोटारी काढा!" आणि तेवढ्यावर न थांबता मोपेडला लाथ मारून ते काठाकाठाने सुटले. ज्या ज्या मळ्यात टिकल्या लावत फिरले होते, त्या प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी थांबून "आप्पा चुकला! काढा!" असं ओरडत गेले. चूक इतक्या लांबवर ऐकू जाईल अशी पुकारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि शाळेत तर अजिबात नाही.

नदीवर गेलो तेव्हा पाणी गढूळ झालेलं आणि लव्हाळ्याच्या वर आलेलं. डोक्यावर कडक ऊन, पायाशी चढती नदी. पाइप सोडवणं, दोर बांधणं, तात्यांच्या ट्रॅक्टरने ओढणं, सगळा काठ नुसता ओरडत होता. मीही साडी खोचून एका दोराला लटकले. आप्पांची मोटार सगळ्यांत खालच्या अंगाला होती. ती आधी काढू, असं तात्या दोनदा म्हणाले. आप्पा ऐकेनात. मेंढपाळांत रीत असते म्हणे, की आपल्या शब्दावर दुसऱ्याने जनावर घेतलं आणि त्याने दगा दिला, तर आधी त्याचं निस्तरायचं, मग आपलं. ज्यांच्या फोनला टिकली होती त्या सगळ्यांच्या मोटारी वर आल्यावरच त्यांनी आपल्या मोटारीकडे बोट दाखवलं. तोवर ती दिसेनाशी झाली होती. तात्या कमरेएवढ्या पाण्यात उतरले, चाचपून दोर अडकवला आणि ट्रॅक्टरने ती खेचली. मोटार आली, पण भोकाभोकांतून पाणी आणि गाळ ओकत आली. वाइंडिंग गेलं हे सगळ्यांनाच दिसत होतं.

आप्पांनी हाताने तिच्यावरचा गाळ पुसून काढला. मग म्हणाले, "ही मातर खरं पाणी प्यायली."

कुणाला हसावं की नाही कळेना. आधी अक्का हसल्या, मग सगळे हसले. मोटार नवं वाइंडिंग भरायला दौंडला गेली आणि ती परत येईपर्यंत आप्पांच्या उसाला तात्यांच्या मोटारीचं पाणी गेलं. अक्का मात्र पुढचे कित्येक दिवस प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझी भन म्हनत व्हती" अशी करत आणि आप्पा मुकाट्याने ऐकून घेत.

मोटारी काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा पुन्हा भरला. नदी अजून फुगलेलीच होती. पाणी वाढतंय की उतरतंय, यावर सगळ्यांचं पुढचं काम अडलेलं. काही जणांना मोटारी परत खाली न्यायची घाई होती, कारण ऊन तापत होतं. तात्यांनी विषय काढला. "आप्पा, त्ये निळं आदी काढून टाका फोनातनं."

"कशापायी?" आप्पा म्हणाले. "कळपातलं जनावर असं हाकलायचं नसतं. त्याला आता धरणावर न्यायचं न्हाई, एवढंच. राशीभविष्य बगायला ठिवू. त्ये कालचं असलं तरी चालतं."

मग त्यांनी नखाने टिकली खरवडून काढली, शेजारच्या राखाडीवर नीट दाबून लावली आणि त्यावर बोट ठेवलं. सगळा ओटा फोनवर वाकला. राखाडीने वेळ घेतला. चक्र फिरलं. मग त्याने सांगितलं, 'पान उघडता आले नाही.'

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. दररोज त्या ओट्यावरून एक आकडा आणि एक निकाल मिळायची सवय लागलेली माणसं ती. आप्पा उठले. घसा खाकरला. धोतराचा सोगा सावरला आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात, पार पलीकडच्या मळ्यापर्यंत ऐकू जाईल असं त्यांनी पुकारलं:

"आज आकडा म्हाईत न्हाई! आप्पाला काय म्हाईत न्हाई! मोटारी वरच ऱ्हाऊ द्या!"

पलीकडच्या मळ्यातून "व्हय आप्पा!" अशी हाळी आली, आणि त्या दिवशी सबंध काठावर एकही मोटार खाली उतरली नाही.